चार अंश पाण्यातले पाढे

सकाळी साडेनऊ वाजता पाढेबाई पाण्यात उतरल्या तेव्हा बोटीत चार माणसं होती, आणि थोरलीचा त्या चौघांवरही राग होता. चौघांत ती स्वतःही आली.

पाढेबाई म्हणजे तिची आई. वय वर्षं एकसष्ट. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलेली बाई. हातात लाकडी पट्टी, आणि तीसपर्यंतचे पाढे अख्ख्या वर्गाच्या तोंडात बसल्याशिवाय कुणाला घरी सोडायची नाही. खरं नाव कधीच मागे पडलं, पाढेबाई तेवढं उरलं. निवृत्त झाल्यावर चारचौघं करतात ते करावं की नाही? कुंड्यांना पाणी घालावं, दुपारी जरा आडवं व्हावं, गुडघ्यांच्या नावानं कुरकुर करावी. हिनं काय केलं? गार पाण्यात पोहायला सुरुवात केली. आधी तरणतलाव, मग उघडं सरोवर, मग हिवाळ्यातलं सरोवर. "अगं, डोकं कसं लख्ख होतं!" असं म्हणायची, तेही ओठ जांभळे पडलेले आणि दात कडकडा वाजत असताना. थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर मशीनच्या पाण्यात हात घालून संध्याकाळी घरी यावं, तर न्हाणीघरात आई बर्फाच्या बादलीत पाय सोडून बसलेली. सराव म्हणे!

धाकटा परदेशी. त्याचं काय जातंय? फोनवर "वा आई, कमाल आहेस तू!" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. निस्तरायला थोरली आहेच.

आता बाईंच्या डोक्यात बर्फाचा मैल शिरला होता. बर्फाचा मैल म्हणजे पाच अंशांच्या आतलं पाणी, अंगात फक्त साधा पोहायचा पोशाख, एक टोपी, एक गॉगल, आणि सोळाशे मीटर. वाटेत कुणी पोहणाऱ्याला हात लावायचा नाही आणि पोहणाऱ्यानं बोटीला हात लावायचा नाही. नुसतं बोट लागलं तरी सगळं बाद. साठी उलटलेल्या कुणा बाईनं ह्या सरोवरात तो मैल पुरा केल्याची नोंद नव्हती, आणि ती नोंद आपल्या नावावर व्हायला हवी असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. मागच्या हिवाळ्यात अकराशे मीटर झाले असताना नावाड्याचं वल्हं त्यांच्या कोपराला घासलं आणि मैल बाद झाला. त्या नावाड्याशी बाई तीन महिने बोलल्या नाहीत. शिवाय वर्षभर त्यांनी एक नवीन सराव केला. बोट जवळ आली की लगेच अंग चोरून लांब व्हायचं. झोपेतसुद्धा जमलं पाहिजे इतका घोटला तो सराव. छत्तीस वर्षं दुसऱ्यांकडून घोटून घेतलं, आता स्वतःकडून.

आजचा नावाडी नवा होता. बिचारा गप्प बसून बोट हाकत होता. त्याच्यावर राग यायचं कारण एवढंच की तो इतका शांत होता. दुसरे निरीक्षक. सत्तरीचे, कानटोपी घातलेले, मांडीवर वही आणि हातात शिसपेन्सिल, कारण थंडीत पेन उमटत नाही. दर तीन मिनिटांनी ते मिनिटाला हात किती पडतात ते मोजून लिहायचे आणि खोकायचे. तिसरे कोच. वय तिशीचं, गळ्यात शिट्टी, आणि तोंडात कायम एकच वाक्य: "ताई, मन खंबीर असलं की शरीर येतं मागून." हे वाक्य ऐकलं की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चार अंशांत स्वतः उतरून म्हण की बाबा, मग बघू.

आणि चौथी ती स्वतः. तिचा राग स्वतःवर का होता, ते सांगितलं पाहिजे.

पंधरा दिवसांपूर्वी तरणतलावाच्या ऑफिसात बैठक झाली. क्लोरीनचा वास, भिंतीला टेकून ठेवलेले फोमचे तुकडे, टेबलावर फॉर्म. कोचनी नीट समजावून सांगितलं होतं, त्याबद्दल त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. थंडी हातापायांत शिरते ते माणसाला कळतं, डोक्यात शिरते ते कळत नाही. म्हणून बोटीतून दर तीन मिनिटांनी प्रश्न विचारायचा. लागोपाठ दोन उत्तरं चुकली की पोहणाऱ्याला बाहेर काढायचं. मग त्यानं कितीही आरडाओरडा करो. प्रश्न घरच्या माणसानं विचारायचे, म्हणजे थोरलीनं.

"आजचा वार, घराचा नंबर, असलं काहीतरी विचारतात," कोच म्हणाले.

तेव्हा थोरलीच्या तोंडातून निघून गेलं, "पाढे विचारते ना! आम्हाला ताटावर बसवून विचारायची ही. सतरा साती चुकलं की पानातलं गार होईस्तोवर जेवायचं नाही. एकदा हिलाही कळू दे."

सगळे हसले. बाई तर सगळ्यात जास्त. "विचार की! बघू कोण चुकतं ते." कोचना कल्पना आवडली, फॉर्मवर 'प्रश्न: पाढे' असं लिहिलं गेलं आणि तिघांनी खाली सह्या केल्या. लहानपणीचा हिशोब चुकता केल्याचा आनंद थोरलीला रस्ता ओलांडेपर्यंत पुरला.

पहिली वीस मिनिटं सगळं ठीक चाललं. पाणी शिशासारखं करडं, वर वाफ, आणि त्यातून बाईंची केशरी टोपी सरळ रेषेत जात होती. हात मिनिटाला चोपन्न. थोरली भोंग्यातून ओरडायची, "तेवीस सक?" आणि बाई श्वासाला मान वळवताना तिकडून ठणकावायच्या, "अडतीसासे!" निरीक्षक लिहायचे: एकशे अडतीस, बरोबर. थोरलीला नको असताना अभिमान वाटला. एकसष्टाव्या वर्षी हे करणारी बाई आपली आई आहे, म्हणजे वेड आहेच, पण काय वेड आहे!

चोविसाव्या मिनिटाला हात अठ्ठेचाळीस. तिसाव्या मिनिटाला एकेचाळीस.

"कमी होताहेत," थोरली म्हणाली.

"होणारच," कोच म्हणाले. "थंडी आहे. विचारा."

"अठरा नव्वे?"

"बासष्टासे!"

"बघा," कोच म्हणाले. "लख्ख आहेत बाई."

तेहतिसाव्या मिनिटाला छत्तीस. बाईंची बोटं पांगली होती, पाणी कापायच्या ऐवजी पंजा नुसता वरून आपटत होता. पाय खाली लोंबायला लागले होते. आणि ती सरळ रेषा कधीच सुटली होती. केशरी टोपी डावीकडे भरकटायची, कोच शिट्टी मारायचे, ती परत यायची.

"हे बघा, मला हे ठीक दिसत नाहीये. काढू या."

"ताई, उत्तरं बरोबर येताहेत. नियम काय ठरलाय? तुम्हीच सही केलीय. अडीचशे मीटर राहिलेत फक्त. आत्ता काढलं तर बाई जन्मात तुमचं तोंड बघणार नाहीत."

"नाही बघितलं तर नाही बघितलं!"

"विचारा पुढचा."

थोरलीनं मुद्दाम अवघड काढला. "एकोणतीस आठी?"

"दोनशे बत्तीस!"

फटकन. श्वास घ्यायलाही न थांबता. आणि तिथेच थोरलीनं भोंगा खाली घेतला. कारण घरी, चांगल्या उबेत, चहाचा कप हातात घेऊन बसलेल्या आईला एकोणतिसाला हल्ली क्षणभर थांबावं लागायचं. डोळे छताकडे जायचे, ओठ हलायचे, मग उत्तर यायचं. आज ती थांबत नव्हती. आज विचार करणारं कुणी आत नव्हतंच.

मग तिला दवाखाना आठवला. सहा वर्षांपूर्वी बाईंचं पित्ताशय काढलं होतं. भुलीतून बाहेर येताना ढकलगाडीवर पडल्या पडल्या बाई सतराचा पाढा म्हणत होत्या, सबंध, एकही चूक नाही. वॉर्डबॉय हसत होता. थोरलीही हसली होती. पुढे तासभर बाईंना आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं, समोर उभी असलेली मुलगी कोण तेही कळत नव्हतं. पण पाढे मात्र सुरळीत चालू. हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. घरी आल्यावर दहा जणांना हसत हसत सांगितलंही होतं. आणि तरी त्या बैठकीत शहाणपणा पाजळून तिनं आईचा जीव कशावर टांगला, तर पाढ्यांवर! बाकी कुठल्याही माणसाला पाढे विचारावेत. पाढेबाईला पाढे विचारून काय कळणार होतं, कपाळ?

"मूर्ख," ती म्हणाली.

"कोण, मी?" कोचनी विचारलं.

"तुम्हीही. गप्प बसा." तिनं भोंगा तोंडाला लावला. "आई! मी कोण?"

"हा प्रश्न फॉर्मवर नाही," कोच म्हणाले.

"फॉर्म घाला चुलीत! आई! मी कोण ते सांग!"

बाई थांबल्या. डोकं पाण्याबाहेर काढून, गॉगलमधून, बोटीकडे बघत राहिल्या. चेहरा राखेसारखा झाला होता. मग जड जिभेनं, पण अगदी वर्गातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "कितवीतली गं तू?"

आणि वळून पोहायला लागल्या. किनाऱ्याच्या दिशेनं नाही. उलट्या, सरोवराच्या मधल्या बाजूला.

निरीक्षकांची पेन्सिल थांबली. आणि कोच जे बोलले ते थोरली मरेपर्यंत विसरणार नव्हती. ते म्हणाले, "एक चुकलं. नियम दोनचा आहे. शिट्टी मारतो, वळतील. एकशे ऐंशी मीटर राहिलेत, ताई, दोन वर्षं घातलीत त्यांनी."

"तुमच्या आईला ठेवा तिथे दोन वर्षं!" थोरली ओरडली. "दादा, बोट घ्या जवळ!"

नावाड्यानं मोटर बंद केली, पंखा लागू नये म्हणून, आणि वल्ही उचलली. त्या भल्या माणसानं कोचकडे वळूनही पाहिलं नाही. बोट हातभर अंतरावर आली. थोरलीनं कठड्यावर पोट टेकून हात लांब केला, आणि बाईंनी अंग चोरलं. सुळकन लांब. परत बोट जवळ, परत हात, परत लांब. वर्षभर घोटलेलं होतं ना! डोकं नव्हतं जाग्यावर, पण अंगाला धडा पाठ होता. आणि प्रत्येक वेळी लांब जाताना बाईंचं तोंड पाण्याखाली आधीपेक्षा जास्त वेळ राहत होतं.

"आई, हात दे!"

काही नाही.

"आई, अगं थांब! आई गं!"

कुणाला ऐकू जाणार? आई म्हणून हाक मारलेलं माणूसच तिथे नव्हतं. मग थोरलीला कळलं की कोण आहे. पहिली ते चौथी ती आईच्याच शाळेत होती, आणि शाळेच्या फाटकाच्या आत आईला आई म्हणायची बंदी होती. "इथे मी बाई. घरी गेल्यावर आई." पहिल्याच दिवशी चारचौघांत 'आई' अशी हाक मारली म्हणून तिला बाकावर उभं केलं होतं. त्या एका शब्दाचा राग तिनं तीस वर्षं पोसला होता.

"बाई!" ती ओरडली. भोंगा नाही, काही नाही, नुसत्या गळ्यानं. "बाई, मी दुसरीतली! मी पाण्यात पडले! मला येत नाही पोहायला! बाई, हात द्या ना!"

केशरी टोपी वळली. लगेच. बाई बोटीकडे आल्या, वर्षात पहिल्यांदा बोटीपासून लांब न पळता, तिच्याकडे. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. जीभ वळत नव्हती, तरी म्हणाल्या. "धर." आणि पंजा फाकलेला तो पांढराफटक हात त्यांनी पाण्याबाहेर काढून पुढे केला.

थोरलीनं तो मनगटापाशी असा धरला की पुढे आठ दिवस वळ राहिले. नावाड्यानं काखेत हात घालून बाईंना वर ओढलं. कोचनी शिट्टी सोडली आणि पाय धरले.

किनाऱ्यावरच्या खोलीत, लोखंडी शेगडीजवळ, कोचनी आपलं काम चोख केलं. ओले कपडे उतरवले, अंग पुसलं पण चोळलं नाही, सहा थर चढवले, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून काखेत दिल्या. पाण्याबाहेर आल्यावर पुढची वीस मिनिटं अंग आणखी थंड होत जातं, तीच खरी वाईट. ती वीस मिनिटं बाई अशा कापत होत्या की खालचा बाक खडखडत होता. थोरली त्यांना मागून मिठी मारून बसली होती, आणि मिठीतल्या मिठीत त्यांना शिव्या देत होती. एकही शब्द बाईंपर्यंत पोचत नव्हता, म्हणूनच देत होती.

पाऊण तासानं बाईंच्या डोळ्यांत माणूस आलं. त्यांनी खोली पाहिली, शेगडी पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, "किती राहिले होते?"

"एकशे ऐंशी," कोच म्हणाले. धोका टळला तशी त्यांची वाचा परत आली होती. "एकशे ऐंशी मीटर, बाई! सगळे पाढे बरोबर होते तुमचे. अकरापैकी अकरा. मी सांगत होतो, मी हात जोडत होतो. पण तुमच्या मुलीनं घात केला."

बाईंनी मान वळवली. "तू काढलंस मला?"

"हो."

"एकशे ऐंशी मीटरसाठी?" आवाज चढला. कापऱ्या आवाजातही तो चढला. "कुणी सांगितलं होतं तुला? उत्तरं बरोबर होती ना माझी? मग? पहिल्यापासून तुझ्या डोळ्यांत खुपतंय माझं पोहणं. तुला हवंच होतं हे."

झालं. थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. इतका वेळ जिला ऊब देत होती तिला सोडून ती उठून समोर उभी राहिली. "हो, खुपतंय! रोज संध्याकाळी घरी येताना जिना चढताना वाटतं, आज आई असेल ना घरात. ती भीती मी कुठे ठेवू? कोचना देऊ? धाकट्याला फोनवर देऊ? आणि उत्तरं कसली बरोबर! मी कोण म्हणून विचारलं तुला, तर कितवीतली म्हणालीस मला. पोटच्या पोरीला!"

"काहीतरीच. मी ओळखलं होतं तुला." बाईंनी हनुवटी वर केली. "मस्करी केली."

"मस्करी?"

"मग काय! तू नसते प्रश्न विचारायला लागलीस, म्हणून केली."

"बरं," थोरली म्हणाली. "मस्करी केलीस ना? मग त्यावर मी काय म्हणाले ते सांग."

निरीक्षकांनी वहीचं पान उलटून चष्मा वर केला, पण थोरलीनं हात आडवा धरला. "वाचू नका. तिला सांगू दे. छत्तीस वर्षं पोरांना उभं करून विचारलंय, आता एकदा स्वतः सांग म्हणावं."

शेगडीत काहीतरी चटचटलं. बाई खाली गुडघ्यांवरच्या घोंगडीकडे बघत होत्या. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, डोळे छताकडे गेले. कितीतरी वेळ. मग अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "नाही आठवत."

आयुष्यात पहिल्यांदा थोरली आईपुढे जिंकली होती, आणि तिला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय म्हणून ती आणखी चिडली. "दुसरीतली म्हणाले," ती म्हणाली. "बाई म्हणाले तुला. तू बोटीपासून पळत होतीस, आई म्हणून बोंबलले तरी येईनास. मग म्हणाले, मी पाण्यात पडलेय, हात द्या. तशी आलीस. रडू नकोस म्हणालीस. आणि हात दिलास."

"मी दिला?"

"तू दिलास. वहीत आहे."

बाई आपल्या हाताकडे बघायला लागल्या. कोचना वाटलं, आपल्या बाजूनं बोलायची हीच वेळ. "म्हणजे बघा, बाई, फसवून काढलं तुम्हाला. मी संघटनेकडे तक्रार—"

"तुम्ही जरा थांबा," बाई म्हणाल्या, आणि वर्गातला तो आवाज परत आला, ज्यापुढे मागच्या बाकावरचंसुद्धा कुणी हूं की चूं करायचं नाही. "ओरडताय कुणावर? तिनं नाही लावला हात मला. पोर पाण्यात पडली होती. हात मी दिला."

"पण बाई, कुणी पडलंच नव्हतं!"

"ते मला काय माहीत? मला वाटलं पडलीय. मग काय करायचं होतं, आधी एकशे ऐंशी मीटर पुरे करायचे होते का?" त्यांनी निरीक्षकांकडे बोट केलं. "लिहा तुम्ही. पोहणारीनं स्वतःहून हात दिला. मैल बाद. द्या इकडे, सही करते."

निरीक्षक खोकले आणि लिहायला लागले. कोच शेगडीकडे तोंड करून उभे राहिले. थोरली नाक पुसत परत बाकावर येऊन बसली, पण मिठी मारली नाही. एवढ्यात मारणार नव्हती.

"तरी तू मला ओळखलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही ओळखलं," बाई म्हणाल्या. सही करायला पेन्सिल धरता येईना म्हणून त्या बोटं उघडमीट करत होत्या. "ओळखलं नाही, तरी दिला ना हात?"

थोरलीनं पेन्सिल आईच्या बोटांत घट्ट बसवून दिली, आणि त्याचाही तिला राग आला.